नाव लान्चियाचे, रीत कोणाची?

१९५० मध्ये तुरीनच्या मोटार प्रदर्शनात लान्चिया कंपनीने ऑरेलिया मांडली. चार दारांची, भारदस्त, घरगुती वळणाची गाडी. पुढच्याच वर्षी तिची दोन दारांची, उतरत्या पाठीची बहीण आली : बी-२० जीटी. लांबच्या प्रवासाला सुखाने नेणारी आणि वेळ आली तर शर्यतीतही उतरणारी ‘ग्रान तुरिस्मो’ मोटार हिच्यापासून खऱ्या अर्थाने सुरू झाली, असे अनेक जाणकार मानतात. आम्हालाही ते पटते. मात्र तिचे मोठेपण समजून घ्यायचे तर देखण्या पत्र्याच्या आत डोकवावे लागते.

आधी इंजिन. सहा सिलिंडर एका रांगेत बसवले की इंजिन सुरळीत चालते, पण लांबलचक होते. तेच तीन-तीनच्या दोन फळ्यांत व्हीच्या आकारात बसवले तर आखूड होते, पण थरथरते. म्हणून बहुतेक कारखाने त्या वाटेला जात नव्हते. लान्चियातला तरुण इंजिनिअर फ्रान्चेस्को दे व्हिर्जिलिओ महायुद्धाच्या काळात या थरथरीच्या गणिताला भिडला. दोन फळ्यांमध्ये ६० अंशांचा कोन ठेवायचा आणि प्रत्येक पिस्टनला क्रँकशाफ्टवर स्वतःची स्वतंत्र जागा द्यायची, हे त्याचे उत्तर. त्यामुळे क्रँक १२० अंश फिरला की एक स्फोट, पुन्हा १२० अंशांनी दुसरा. ठोका कुठे चुकत नाही. अल्फा रोमिओच्या शर्यतीच्या गाड्या घडवून नावारूपाला आलेले व्हित्तोरियो यानो तेव्हा लान्चियात होते. त्यांच्या देखरेखीखाली हे गणित अॅल्युमिनियममध्ये उतरले आणि नियमित उत्पादनातले जगातले पहिले व्ही-६ इंजिन रस्त्यावर आले. आज व्ही-६ हा शब्द आपण सहज वापरतो, त्याची सुरुवात या १७५४ सीसीच्या इंजिनात आहे.

मग गिअरबॉक्स. मुंबईच्या रस्त्यांवर ज्यांनी प्रीमिअर पद्मिनी चालवली त्यांना स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा आठवत असेल. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ती गाडी मुळात फियाट ११००. तिच्यात इंजिन पुढे, त्याला चिकटून क्लच आणि गिअरबॉक्स, तिथून लांब शाफ्ट मागच्या चाकांपर्यंत. सुरुवातीच्या ऑरेलियांमध्येही दांडा स्टिअरिंगखालीच होता, पण तो हलवला की हालचाल पार गाडीच्या मागच्या टोकापर्यंत जायची. कारण क्लच, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल ही सगळी मंडळी एकत्र करून मागच्या चाकांमध्ये बसवलेली होती. वजन पुढे-मागे जवळपास सारखे वाटले गेले. मागचे ब्रेकही चाकांत न बसवता आत, डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंना घेतले, म्हणजे चाकाबरोबर उसळणारे ओझे कमी. शिवाय मागची दोन्ही चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर, म्हणजे एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसरे आपल्या जागी. घाटातल्या वळणावर मागून ढकलल्यासारखी होणारी गाडी ज्यांनी सांभाळली आहे, त्यांना या मांडणीचे मोल वेगळे सांगायला नको.

शोरूममधल्या पहिल्या बी-२० ची ताकद होती जेमतेम ७५ अश्वशक्ती. तरीही १९५१ च्या मिल्ले मिलिया शर्यतीत जोव्हान्नी ब्राक्को आणि उंबेर्तो माल्योली यांनी दोन लिटरची बी-२० दुसऱ्या क्रमांकावर आणली. पुढे होती ती दुपटीहून मोठ्या इंजिनाची फेरारी. १९५२ मध्ये सिसिलीच्या डोंगरातली तार्गा फ्लोरिओ फेलिचे बोनेत्तोने जिंकली, आणि त्या दिवशी पहिल्या तीनही जागा ऑरेलियांच्या होत्या. गाडी निर्दोष होती असे मात्र नाही. वेगात, वळणाच्या शेवटच्या टोकाला तिची मागची बाजू दगा देई. लान्चियाने १९५४ मध्ये मागच्या स्वतंत्र सस्पेन्शनची आपली ती गाजलेली रचना बाजूला ठेवून दोन्ही चाकांना जोडणारा द दिओन धाटणीचा आस बसवला. स्वतःच्याच शोधावर स्वतः काट मारायची ही तयारी आम्हाला शर्यतीतल्या विजयांपेक्षा मोठी वाटते.

ही रीत संस्थापकाची. विन्चेन्झो लान्चिया हा आल्प्सच्या कुशीतल्या फोबेल्लो गावचा, १८८१ चा जन्म. घरच्यांनी त्याला हिशेबनीस करायचे ठरवले होते. तो तुरीनमधल्या चेइरानोंच्या सायकलच्या कारखान्यात शिरला आणि यंत्रांत रमला. पुढे फियाटसाठी शर्यती धावला आणि १९०६ मध्ये क्लाउदिओ फोगोलिन या मित्राबरोबर त्याने स्वतःची कंपनी काढली. १९२२ ची त्याची लाम्ब्दा पाहावी. तोवर मोटार म्हणजे खाली लोखंडी सांगाडा आणि त्यावर ठेवलेला डबा. विन्चेन्झोने जहाजाच्या पोटाचा विचार केला, सांगाडा काढून टाकला आणि गाडीचे अंगच भार पेलणारे केले. आज आपल्या दारातली बहुतेक प्रत्येक मोटार त्याच तत्त्वावर उभी आहे.

१९३७ मध्ये विन्चेन्झो ५५ व्या वर्षी गेला. ऑरेलियाच्या वेळी कारभार त्याच्या मुलाकडे, जान्नीकडे होता. जान्नीने खर्चाचा हात आखडला नाही. प्रत्येक भाग नव्याने आखायचा, उत्तम धातू वापरायचा, आणि वर फॉर्म्युला वनचा संघही उभारायचा. २६ मे १९५५ ला त्यांचा अव्वल चालक अल्बेर्तो आस्कारी मोंझाच्या ट्रॅकवर फेरारी चालवून पाहताना मरण पावला. त्याच जुलैमध्ये लान्चियाच्या शर्यतीच्या डी-५० गाड्या फेरारीच्या हवाली करण्यात आल्या. १९५६ ची जगज्जेतेपदाची माळ त्याच गाड्यांवर चालक फान्जिओच्या गळ्यात पडली. कंपनी लान्चिया घराण्याच्या हातून गेली, सिमेंटसम्राट कार्लो पेसेन्तींकडे आली, आणि कर्जाच्या ओझ्यासह १९६९ मध्ये नाममात्र किमतीला फियाटकडे.

फियाटने लान्चिया बुडवली, अशी तक्रार या गाड्यांचे चाहते आजही करतात. आम्हाला ती अर्धीच खरी वाटते. फियाट आली तेव्हा तिजोरी आधीच रिकामी होती. त्याच फियाटच्या छत्राखाली स्ट्रॅटोस घडली आणि तिने १९७४, १९७५ व १९७६ अशी ओळीने तीन वर्षे रॅलीचे जागतिक विजेतेपद मिळवले. डेल्टाने १९८७ पासून १९९२ पर्यंत सलग सहा. तक्रार खरी ठरते ती त्यानंतरच्या काळाबद्दल. लान्चियाच्या गाड्या हळूहळू इतरांच्या सांगाड्यांवर बेतल्या जाऊ लागल्या, आणि २०११ मध्ये तर क्रायस्लर ३०० या अमेरिकी गाडीवर लान्चियाची ढालीच्या आकाराची खूण लावून ती युरोपात ‘थेमा’ म्हणून विकली गेली. २०१७ पासून कंपनी फक्त इटलीत, इप्सिलॉन या एकाच छोट्या मोटारीवर तगून राहिली.

आता हे नाव स्टेलांटिस समूहाकडे आहे. टाटा मोटर्सबरोबर पुण्याजवळ रांजणगावला कारखाना चालवणारा हाच तो समूह. २०२४ मध्ये त्याने नवी इप्सिलॉन आणली आणि तिची ओळख करून देताना जुन्या गाड्यांच्या वारशाचा आवर्जून उल्लेख केला. एकच सांगाडा अनेक नावांत वापरण्यामागचा हिशेब आम्हाला समजतो. त्याशिवाय लहान कंपनी आज जगणार नाही, आणि जान्नीचा अनुभव डोळ्यांपुढे आहेच. पण वारसा सांगायचा असेल तर तो दे व्हिर्जिलिओच्या वहीतल्या गणिताचा आहे, लाम्ब्दाच्या सांगाड्याविना उभ्या राहिलेल्या अंगाचा आहे. दिव्यांची ठेवण आणि ढालीचा आकार त्यानंतर येतो.

रोमहून समुद्रकाठाने उत्तरेला जाणाऱ्या प्राचीन रस्त्याचे नाव विया ऑरेलिया. गाडीला नाव त्याच्यावरूनच मिळाले. दिनो रिसी यांच्या ‘इल सोर्पासो’ या १९६२ च्या चित्रपटात व्हित्तोरियो गासमान उघड्या टपाची ऑरेलिया बी-२४ घेऊन त्याच रस्त्याने सुसाट निघतो. मोटारींची आवड असणाऱ्यांनी तो जरूर पाहावा आणि कधी संधी मिळालीच तर एखाद्या खऱ्या ऑरेलियाचे बॉनेट उघडून बघावे. नव्या इप्सिलॉनचे बॉनेट उघडले, तर हायब्रिड गाडीत तीन सिलिंडरांचे १.२ लिटरचे इंजिन दिसेल. ते लान्चियाने घडवलेले नाही.