आघाडीचा भाग आणि दुसऱ्या फेरीचा अंदाज

पक्षाची उमेदवारी ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर अमेरिकेतील काही राज्यांत पहिल्या दोघांमध्ये पुन्हा मतदान होते. या दुसऱ्या फेरीत कोणती काउंटी कोणाकडे जाईल, याविषयी रूढ मत असे की, ज्या भागाने आधी ज्याला आघाडी दिली तो भाग त्याचाच. कर्नाटकातील बिदर-कलबुर्गी भागातही ‘हा मतदारसंघ अमक्याचा’ असे धरूनच लोकसभेचे गणित मांडले जाते. हे गृहीतक टिकणारे नाही.

बिदर लोकसभा मतदारसंघात आठ विधानसभा क्षेत्रे आहेत: सहा बिदर जिल्ह्यातील, तर आळंद आणि चिंचोळी ही कलबुर्गी जिल्ह्यातील. २०१८ मध्ये यांपैकी भाजपला दोनच मिळाली. उरलेली सहा काँग्रेस आणि जनता दलाकडे गेली. हे दोन्ही पक्ष २०१९ मध्ये एकत्र लढले, तरी भाजपचे भगवंत खुबा १,१६,८३४ मतांनी विजयी झाले. २०२३ मध्ये भाजपने आठपैकी पाच क्षेत्रे जिंकली आणि पुढे जनता दलही त्याच्या सोबतीला आले. तरीही २०२४ मध्ये काँग्रेसचे सागर खंड्रे १,२८,८७५ मतांनी निवडून आले. लागोपाठ दोनदा हे गणित उलटले.

यावर आक्षेप असा की, विधानसभा आणि लोकसभा या वेगळ्या निवडणुका आहेत. दुसऱ्या फेरीत मात्र उमेदवार तेच असतात, म्हणून फक्त बाद झालेल्यांची मते वाटायची राहतात. मिसिसिपीतील २०१४ ची रिपब्लिकन सिनेट लढत हा आक्षेप खोडून काढते. पहिल्या फेरीत मॅकडॅनियल हे उमेदवार प्रतिस्पर्धी कॉक्रन यांच्यापेक्षा किंचित पुढे होते आणि तिसऱ्या उमेदवाराला दोन टक्केही मते नव्हती. दुसऱ्या फेरीत एकूण मतदान सुमारे ३ लाख १९ हजारांवरून ३ लाख ८२ हजारांवर गेले आणि कॉक्रन ७,६६७ मतांनी जिंकले. निकाल फिरला तो मुख्यतः नव्याने आलेल्या मतदारांमुळे.

म्हणून अंदाजाचा पाया तीन गोष्टींवर हवा. पहिली, विजेत्याच्या नावाऐवजी मतांचे अंतर: २०२३ मध्ये चिंचोळी भाजपकडे गेले ते अवघ्या ८५८ मतांनी, अशा क्षेत्राला कोणाचा बालेकिल्ला म्हणता येत नाही. दुसरी, बाद उमेदवाराची मते कोणत्या भागात कोणाकडे वळतील, याचे वेगवेगळे प्रमाण. तिसरी, प्रत्येक भागात किती मतदार परत येतील आणि किती नवे येतील. हे आकडे घेऊन प्रत्येक भागासाठी मतांची किमान आणि कमाल मर्यादा सांगावी. मोजणी सुरू झाल्यावर आधी हाती आलेल्या भागांत अंदाज किती चुकला ते पाहून तशाच इतर भागांचा अंदाज दुरुस्त करावा. भारतात नमुना २० या निकालपत्रकातील मतदान केंद्रनिहाय आकड्यांमुळे हे काम गावापर्यंत नेता येते.

या पद्धतीसाठी स्थानिक आकडे खुले असणे आवश्यक आहे. २०२२ च्या काँग्रेस अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मल्लिकार्जुन खर्गे यांनी शशी थरूर यांच्यावर ७,८९७ विरुद्ध १,०७२ असा विजय मिळवला. परंतु सर्व राज्यांच्या मतपत्रिका एकत्र मिसळूनच मोजल्या गेल्या. त्यामुळे मत गुप्त राहिले. मात्र राज्यवार अंदाज पडताळण्याची सोय उरली नाही. जिथे असे आकडे मिळतात, तिथे जुन्या आघाडीवर विसंबण्याला आधार नाही.