कारखाना आपला, किल्ली कुणाची?

तळोजा औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजकाने उत्पादन-व्यवस्थापनाची संगणक प्रणाली निवडायची ठरवली, की चर्चा होते ती किमतीची आणि नावलौकिकाची. किल्ली कुणाच्या हाती राहणार, हा खरा प्रश्न बाजूलाच पडतो. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातील तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा रोखल्या. निर्बंध भारताचे नव्हते, फटका मात्र भारतातील कारभाराला बसला! दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर सेवा पूर्ववत झाल्या. तीस कामगारांच्या कारखानदाराने कोणते दार ठोठवावे?

मुंबईत घडलेली ‘ईआरपीनेक्स्ट’ ही प्रणाली मुक्त स्रोत आहे. तिची संगणकीय संहिता कुणालाही पाहता, बदलता आणि स्वतःच्या यंत्रणेवर चालवता येते. कच्च्या मालाचा साठा, बॅच, उत्पादनाचे आदेश यांची नोंद ती ठेवते. अर्थात स्वदेशी म्हणजे निकृष्टतेला माफी नव्हे. पाळीवरच्या पर्यवेक्षकाला, भांडारपालाला ती पेलते का, हे आधी एका विभागात पारखून घ्यावे. परंतु परकीय नाव दिसताच मान तुकवणे, ही पारख नव्हे. स्वतःच्या कोठाराची किल्ली परक्याच्या कमरेला लावून निर्धास्त झोपणाऱ्याला व्यवहारचतुर कोण म्हणेल?