सही करण्याआधी पावणेदोनला अर्ध्याने भागून बघा

मंडळी, चार दिवस आपल्या ग्रुपवर एक पिटिशन फिरतंय. मिडल स्कूलचा नवा गणिताचा अभ्यासक्रम बंद करा, जुनं पुस्तक परत आणा. सह्यांमध्ये निम्मी आडनावं आपलीच आहेत. मी सही केलेली नाही आणि करणारही नाही. का, ते सांगते. काहींना राग येईल, येऊ दे.

आधी एक गणित. पावणेदोन भागिले अर्धा. साडेतीन! दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं, हातातला चहा न सांडता जमतं आपल्याला. आता याच भागाकारावर एक शाब्दिक उदाहरण तयार करा. दिवाळीच्या पॉटलकला मी हे सात जणांना विचारलं, त्यातले पाच इंजिनियर. बहुतेकांनी पावणेदोन पोळ्या दोघांत वाटल्या. अहो, तो दोनने भागाकार झाला, अर्ध्याने नव्हे! जमलं ते एका मैत्रिणीच्या सासूबाईंना. पावणेदोन वाट्या भाजणी आहे, एका थालीपिठाला अर्धी वाटी लागते, तर किती थालीपिठं होतील? तीन झाली, आणि पाव वाटी भाजणी उरली. मग ही उरलेली म्हणजे पाव थालीपीठ की अर्धं?

इथेच सहावीचा वर्ग पंधरा मिनिटं थांबतो, आणि घरी येऊन आपण म्हणतो, "आज शाळेत काही शिकवलंच नाही, नुसती चित्रं काढली." उरलेली पाव वाटी म्हणजे अर्धं थालीपीठ, कारण आता मोजायचं माप वाटी नाही, थालीपीठ आहे. भागाकार म्हणजे काय ते त्या पंधरा मिनिटांत कळतं. उलटा करून गुणायला कुणी बंदी केलेली नाही. कॉमन कोअर २०१० पासून सहावीला दोन्ही मागतं, अपूर्णांकांचा भागाकार करताही यावा आणि त्याचं शाब्दिक उदाहरणही बनवता यावं.

"पण भारत-चीनमध्ये पाठांतरानेच मुलं पुढे गेली ना?" हे वाक्य आपल्यात फार चालतं. लिपिंग मा यांचं १९९९ चं पुस्तक बघा. त्यांनी हाच प्रश्न, पावणेदोन भागिले अर्धा, अमेरिकन आणि चिनी शिक्षकांना विचारला. अमेरिकन शिक्षकांपैकी अनेकांना उत्तरच काढता आलं नाही आणि योग्य उदाहरण जवळजवळ कुणालाच बनवता आलं नाही. चिनी शिक्षकांपैकी बहुतेकांनी ते बनवलं, काहींनी एकाहून जास्त. ज्यांच्या पाठांतराचे आपण गोडवे गातो, त्यांचे शिक्षक समजून शिकवत होते.

आणि हसण्याची घाई आपल्याला नवी नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' आलं, तेव्हा इथून किती विनोद फॉरवर्ड झाले! ज्यांची मुलं रोज 'ट्वेंटी वन' म्हणतात, त्यांच्याच फोनवरून.

आता घरात आपण काय करतो ते बोलू. शनिवार-रविवार क्लास. शाळेत गुणोत्तर सुरू व्हायच्या आधी तिरकस गुणाकार पाठ. मग वर्गात बाई दुहेरी संख्यारेषा काढायला लागल्या की आपला बाळ्या पहिल्याच मिनिटाला उत्तर ओरडतो, पुढे त्याला कंटाळा येतो आणि शेजारचं मूल, ज्याच्या घरी क्लासचे पैसे नाहीत, विचार करणं सोडून देतं. माझ्या मुलीनेही हेच केलं. मग एके रात्री म्हणाली, "आई, उत्तर येतं गं, पण का ते विचारलं की पोटात गोळा येतो." क्लास मीच लावला होता.

पिटिशनमधलं सगळं खोटं आहे असं नाही. सराव कमी पडतो, हे खरंय. आठवीत अल्जिब्रा मिळेल का, ही भीतीही उगाच नाही. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये तो आठवीतून काढला आणि दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, परत आणायचा निर्णय घेतला. मधल्या मुलांचं काय, याचं उत्तर कोण देणार? पण ती चूक वेळापत्रकाची होती. थालीपिठाच्या प्रश्नाने कुणाचा अल्जिब्रा हुकलेला नाही.

आपल्या डिस्ट्रिक्टची खरी चूक पिटिशनमध्ये नाहीच. शिक्षकांना ऑगस्टमध्ये दोन दिवस ट्रेनिंग दिलं आणि सप्टेंबरमध्ये वर्गात सोडलं. मुलांचं म्हणणं ऐकून, त्यातली कुठली तीन उत्तरं फळ्यावर कुठल्या क्रमाने घ्यायची, हे दोन दिवसांत कुणाला येतं? तीस वर्षं दुसऱ्या पद्धतीने शिकवलेल्या बाईंना तर नाहीच नाही. त्या रात्री उद्याचा धडा वाचतात आणि सकाळी कसाबसा रेटतात. वर्षाच्या मध्यात पुस्तक बदललं, तर पुन्हा दोन दिवस ट्रेनिंग आणि पुन्हा हेच.

मंगळवारी संध्याकाळी सातला बोर्डाची मीटिंग आहे. पब्लिक कॉमेंटला माणशी तीन मिनिटं मिळतात. मी तीन गोष्टी मागणार आहे: गणिताच्या सगळ्या शिक्षकांना आठवड्यातून एक तास एकत्र तयारीसाठी, पगारी, रोजच्या सरावाचं एक पान, आणि आठवीच्या अल्जिब्राचा रस्ता लेखी. ज्यांनी सही केली आहे त्यांनीही या. माझ्या गाडीत चार जागा आहेत, साडेसहाला निघतेय.