कौशल्याला भाव कोण देणार?

तिफणीमागे चालत चाड्यावर मूठ धरणारी बाई अकुशल, आणि तीन महिने वर्गात बसून प्रमाणपत्र घेतलेला पोरगा कुशल, असा आपल्या नियोजनकारांचा हिशेब आहे. मूठ सैल पडली तर बी दाट पडते, आखडली तर तास रिकामे राहते. ही गोष्ट कुठल्या वर्गात शिकवतात?

सरकारी वर्गीकरणाची तऱ्हा तर आणखी न्यारी. राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात शेती करणारा 'कुशल' गटात बसतो आणि शेतमजूर प्राथमिक कामांच्या तळाच्या गटात. म्हणजे सकाळी स्वतःच्या रानात कुशल असलेली बाई दुपारी शेजाऱ्याच्या रानात रोजाने गेली की अकुशल!

२००९ च्या धोरणाने २०२२ पर्यंत ५० कोटी लोकांना कुशल करण्याचे जाहीर केले. २०१६ मध्ये शारदाप्रसाद समितीनेच सांगितले की, सगळे आकड्यांमागे धावत आहेत, पोरांच्या रोजगाराचे कुणी पाहत नाही. २०२२-२३ च्या श्रमबल पाहणीत १५ ते २९ वयाच्या तरुणांपैकी रीतसर प्रशिक्षण घेतलेले ४.४ टक्के निघाले. घरी, कामावर किंवा स्वतःहून शिकलेले १६.६ टक्के. विद्वानांनी पहिल्या आकड्यावर अश्रू ढाळले. दुसऱ्या आकड्यातल्या माणसांना त्यांच्या विद्येचे काय मोल मिळते, हे फारसे कुणी विचारले नाही. आणि याच काळात काय झाले? २०१८-१९ मध्ये देशातील कामकऱ्यांपैकी ४२.५ टक्के शेतीत होते, टाळेबंदीनंतर २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्के झाले, २०२३-२४ मध्येही ४६.१ टक्केच. शहरातून परतलेली ही माणसे शेतीत बरकत आहे म्हणून आली नव्हती.

आता आपल्या कापसाचे पाहा. चांगली वेचणारी बाई दव उडाल्यावर सरीत शिरते, पुरते फुटलेलेच बोंड वेचते, कवडी वेगळी ठेवते, पाचोळा येऊ देत नाही. जिनिंगवाल्याला हाच माल हवा असतो. पण असे वेचले की दिवसाचे वजन कमी भरते आणि मजुरी तर किलोवर! ओरबाडून, पाचोळ्यासकट वेचणारीच्या पदरात जास्त पैसे पडतात. शेतकऱ्याने स्वच्छ वेचणीला दर वाढवून द्यावा म्हटले, तर खेडा खरेदीवाला गावचा सगळा माल एकाच ढिगात टाकतो, नजरेने भाव लावतो. ओल दिसली की कपात ठरलेली. स्वच्छतेचे चार पैसे जास्त मात्र क्वचितच हाती पडतात. ते पुढे ज्याच्याकडे प्रतवारी होते, त्याच्या खिशात जातात.

अशा बाजारात त्या बाईला 'स्वच्छ वेचणीचे प्रशिक्षण' देणे म्हणजे तिला स्वतःची मजुरी कमी करायला शिकवणे. ती शिबिराला येईल, चहा पिईल, फोटोत बसेल आणि दुसऱ्या दिवशी पूर्वीसारखीच वेचील. यात तिचे अज्ञान नाही, तिचा हिशेब पक्का आहे. ज्वारीचे बियाणे निवडणाऱ्याचे, बोंडअळीची पहिली नखी ओळखणाऱ्याचेही तेच. मालाची प्रत पाहून भाव ठरत नाही तोवर हाताची प्रत पाहून मजुरी ठरणार नाही.

तेव्हा कौशल्य विकासाचे अधिकारी तालुक्याला आले की त्यांना आधी बाजार समितीच्या आवारात न्या, आणि स्वच्छ कापसाचा वेगळा ढीग, वेगळे वजन, वेगळी बोली कधीपासून, ते विचारा. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना आपापल्या गावचा वेचणीचा दर लिहून आणा. स्वच्छ वेचणीला किलोमागे जास्त दिले असतील तर किती, आणि त्या मालाला व्यापाऱ्याने किती वाढवून दिले, हे दोन्ही आकडे हवेत.