शब्द परका, की कायदा परका?

१/ महाविद्यालयातील एखाद्या विद्यार्थीगटाने फलकावर ‘एलजीबीटीक्यू’ ही अक्षरे लिहिली, की इतिहासप्रेमी म्हणवणाऱ्या मंडळींकडून एक ठरलेले वाक्य येते: ‘हे पाश्चात्त्य खूळ आहे, आपल्या इतिहासात असले काही नव्हते.’ हे विधान इतिहासाविषयीचे आहे. तेव्हा त्याची परीक्षाही पुराव्यानेच व्हायला हवी. हा धागा त्यासाठी.

२/ प्रथम अक्षरांचा अर्थ. लेस्बियन म्हणजे स्त्रीविषयी आकर्षण असणारी स्त्री. गे म्हणजे पुरुषाविषयी आकर्षण असणारा पुरुष. बायसेक्शुअल म्हणजे एकाहून अधिक लिंगांच्या व्यक्तींविषयी आकर्षण असणारी व्यक्ती. ट्रान्सजेंडर, मराठीत पारलिंगी, म्हणजे जन्मवेळी नोंदवलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारा लिंगभाव ज्यांच्या बाबतीत जुळत नाही अशा व्यक्ती. क्वीअर हा शब्द एकेकाळी शिवी होता. ज्यांना ती दिली जाई त्यांनीच तो पुढे स्वतःसाठी स्वीकारला.

३/ पहिली तीन अक्षरे आकर्षणाविषयी आहेत, चौथे स्वतःच्या ओळखीविषयी. मराठीत या दोहोंची सर्रास गल्लत होते. ‘उभयलिंगी’ हा एकच शब्द बायसेक्शुअल व्यक्तीसाठी, आंतरलिंगी शरीररचनेसाठी आणि वनस्पतिशास्त्रात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असलेल्या फुलासाठीही वापरला जातो. ‘तृतीयपंथी’ म्हणून तर सर्वांना एकाच पोत्यात भरले जाते. वास्तविक हिजडा ही गुरु-चेला परंपरा असलेली विशिष्ट समाजरचना आहे. प्रत्येक पारलिंगी व्यक्ती तिचा भाग नसते.

४/ ‘शब्दांचा एवढा कीस कशाला?’ असे विचारणाऱ्यांनी राज्यव्यवहारकोश आठवावा. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी तो सिद्ध केला. त्याच काळात पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सरनौबताचा सेनापती. कोणाला काय म्हणावे हा प्रश्न महाराजांना राज्यकारभाराइतका गंभीर वाटला. त्या कोशाचा अभिमान बाळगायचा आणि सहाध्यायी आपल्याला कोणत्या शब्दाने हाक मारावी हे सांगू लागला की हसायचे, हे एकाच तोंडाने जमू नये.

५/ आता ‘पाश्चात्त्य’ या आरोपाकडे. ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द कार्ल मारिया केर्टबेनी या लेखकाने १८६८ च्या एका जर्मन पत्रात प्रथम वापरला आणि १८६९ मध्ये प्रशियातील दंडविधानाला विरोध करताना छापला. त्याच पत्रात ‘हेटरोसेक्शुअल’ हा शब्दही आहे. म्हणजे नवेपणाच दोष असेल तर तो दोन्ही शब्दांचा आहे. त्यापूर्वी युरोपातही हे शब्द नव्हते. म्हणून तेथे तशी माणसे नव्हती, असे कोणी म्हणत नाही.

६/ आपल्याकडे शब्दांची वाण नव्हती. कामसूत्रात ‘तृतीया प्रकृति’ येते. अमरकोशात याच अर्थक्षेत्रातले षंढ, क्लीब, नपुंसक असे शब्द एकत्र नोंदवले आहेत. बौद्ध विनयग्रंथांत ‘पंडक’ आहे. महाभारतात शिखंडी आहे, विराटाच्या घरी बृहन्नडा आहे. कोश आणि आचारसंहिता ज्या गोष्टींना नावे देतात, त्या समाजाच्या नजरेस पडलेल्या असतात.

७/ म्हणून प्राचीन भारत हा समतेचा स्वर्ग होता असे म्हणणेही खोटे आहे. अर्थशास्त्रात समलिंगी संबंधांना दंड आहे, मनुस्मृतीत प्रायश्चित्त आहे, ‘क्लीब’ हा शब्द अवहेलनेसाठी वापरलेला आहे. मात्र ज्याला दंड ठरवावा लागतो, ते समाजात नव्हतेच असे कसे म्हणता येईल?

८/ याच न्यायाने आपल्या बाजूच्या मित्रांनाही एक सांगणे आहे. ‘शिखंडी ट्रान्स होता’ असे एका ओळीत सांगून मोकळे होऊ नये. आजची संज्ञा आज जगणाऱ्या माणसाने स्वतःसाठी निवडलेली असते. भूतकाळातील व्यक्तीला विचारण्याची सोय नाही. तिथे जे लिहिले आहे ते आणि तेवढेच सांगावे.

९/ परके काय होते, याचे उत्तर कागदोपत्री आहे. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने १५३३ मध्ये ‘बगरी’चा कायदा केला. मेकॉलेच्या विधी आयोगाने १८३७ मध्ये भारतीय दंडसंहितेचा मसुदा सादर केला. ती संहिता १८६० मध्ये संमत झाली आणि १८६२ पासून लागू झाली. त्यातले कलम ३७७ म्हणजे ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोगाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा.

१०/ पुढचे पाऊल १८७१ चे. गुन्हेगार जमाती कायद्याचा पहिला भाग विमुक्तांच्या चळवळीमुळे मराठी वाचकाला ठाऊक असतो. दुसरा भाग क्वचितच कोणी वाचतो. वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबातील ‘युनक’ ठरवलेल्या व्यक्तींपैकी संशयितांची नोंदवही ठेवण्याची त्यात तरतूद होती. नोंद झालेल्या व्यक्तीने सार्वजनिक ठिकाणी स्त्रीवेश किंवा दागिने घातले, नाचगाणे केले, तर वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. तिला दत्तक घेता येत नसे, मृत्युपत्र करता येत नसे.

११/ आणि ‘युनक’ कोण? जो पुरुष स्वतः तसे कबूल करील, किंवा वैद्यकीय तपासणीत नपुंसक दिसेल तो. शेकडो वर्षांची गुरु-चेला परंपरा, वारसा, उपजीविका, सारे काही एका शारीरिक व्याख्येत कोंबले गेले. नाव देण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती गेला की काय होते, ते येथे दिसते.

१२/ महाराष्ट्रात या मौनाविरुद्ध पहिली मोठी झुंज र. धों. कर्व्यांनी दिली. १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ काढत. १९३४ मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यांत समलिंगी संबंधांविषयीच्याही, दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला, मासिक चालू राहिले. हे खूळ पाश्चात्त्य म्हणणाऱ्यांनी या दोघांना कोणत्या देशाचे ठरवायचे ते सांगावे.

१३/ इंग्लंड आणि वेल्सने १९६७ मध्ये आपला कायदा सैल केला. आपण मात्र त्यांचा वारसा सांभाळत बसलो. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिलासा दिला, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो काढून घेतला. २०१४ च्या नालसा निकालाने आपला लिंगभाव स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून मुक्त झाले. इतिहास या समाजाची क्षमा मागण्याचे देणे लागतो, अशा आशयाचे न्या. इंदू मल्होत्रा यांनी त्या निकालात लिहिले. इतिहास शिकणाऱ्यांनी ते देणे आपल्या खाती धरावे.

१४/ ते फेडण्याची जागा म्हणजे आपले महाविद्यालय. ‘बायल्या’, ‘छक्का’ या हाका वसतिगृहात गंमत म्हणून खपतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या दुरुस्तीनुसार लैंगिक कल किंवा लिंगभावावरून केलेला शारीरिक वा मानसिक छळ, त्यात वाळीत टाकणेही आले, हे रॅगिंग आहे. तक्रार करता येते. ‘बायल्या’ ही शिवी ठरते, कारण बाई असणे कमीपणाचे मानले जाते. एका शब्दात दोघांचा अपमान.

१५/ ‘अलाय’ला मराठीत फार नेमका शब्द आहे: पाठीराखा. तो मिरवणुकीत पुढे नाचत नाही, पाठ सांभाळतो. सहाध्यायी जे नाव सांगेल त्या नावाने हाक मारा; हजेरीपटावरचे नाव बदलायला वेळ लागतो, जिभेवरचे बदलायला लागत नाही. कोणी विश्वासाने काही सांगितले तर ते त्याच्या घरी, मित्रांत, शिक्षकांत पोहोचवू नका. त्यातून एखाद्याचे शिक्षण आणि छप्पर दोन्ही जाऊ शकते. शरीराविषयी चौकश्या करू नका. शिवी ऐकू आली की तो समोर नसतानाही बोला, कारण खरी परीक्षा तेव्हाच असते.

१६/ ‘आमच्या वर्गात असे कोणी नाही’ हे शेवटचे वाक्य. साठ जणांच्या वर्गात कोणीच नाही, की सांगण्याजोगे वातावरण नाही? दप्तरात कागद सापडला नाही म्हणून घटना घडलीच नाही, असा निष्कर्ष आपण कोणत्याही लढाईविषयी काढत नाही. शेजारच्या बाकावरच्या माणसाविषयीही काढू नये.