मेकाँगवरील शेजारधर्म

कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह येथून व्हिएतनामांतील चाउ डॉक येथें मेकाँगमार्गें नौकेनें कांहीं तासांत जातां येतें. सरहद्दीवर उतारूंस पारपत्र दाखवावें लागतें. नदीस कोणी अडवीत नाहीं. १९७८ सालीं ह्याच सरहद्दीवर दोन्ही शेजाऱ्यांचें रक्त सांडलें, तरी दोघांचीं भातशेतें तिच्याच पाण्यावर पिकलीं. १९९५ सालीं लाओस व थायलंड ह्यांसह ह्या देशांनीं पाण्याविषयीं सहकार्याचा करार केला, हें योग्यच झालें. परंतु करार करणें सोपें, पाळणें कठीण. वरच्या अंगास धरण बांधणाऱ्यानें खालच्या शेतकऱ्याचा व कोळ्याचा विचार केला नाहीं, तर त्या कागदास काय किंमत? विद्यार्थिमित्रहो, जो प्रवाहाच्या वर राहतो, त्याच्यावर जबाबदारी अधिक. हें त्या नौकेंत बसणाऱ्यास सहज उमगेल.