रूट केलं की वॉरंटी जाते का? आधी कार्ड तर वाचूया!



'रूट' हा शब्द आता चौथी-पाचवीच्या मुलांच्या तोंडीही ऐकू येतो. मोठ्या भावाकडून ऐकलेला असतो, नाहीतर एखाद्या व्हिडिओत पाहिलेला असतो. मुलांचा समज असा की फोन रूट केला की गेम अडकत नाही. पालकांचा समज असा की रूट केला की वॉरंटी गेलीच. आणि मोबाईलच्या दुकानातला पोरगा म्हणतो, "काही होत नाही काका, पाचशे द्या, करून देतो." तिघंही खात्रीने बोलतात. फोनसोबत आलेलं वॉरंटी कार्ड मात्र तिघांपैकी कुणीच वाचलेलं नसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दाचं उत्तर नाही. उत्तर त्या-त्या वस्तूच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. ते वाचायला मुलांना शिकवणं हे आपलं, म्हणजे भाषा शिकवणाऱ्यांचं आणि घरातल्या मोठ्यांचं काम आहे.

रूट म्हणजे काय?

शाळेचंच उदाहरण घेऊ. प्रत्येक वर्गशिक्षकाकडे आपापल्या वर्गाच्या कपाटाची चावी असते. दुसऱ्याचं कपाट त्याला उघडता येत नाही. मुख्याध्यापकांकडे मात्र सगळ्या चाव्यांचा जुडगा असतो. अँड्रॉइडमध्ये असंच आहे. प्रत्येक ॲपला स्वतःची वेगळी ओळख आणि स्वतःची वेगळी जागा मिळते, दुसऱ्या ॲपच्या जागेत त्याला परवानगीशिवाय डोकावता येत नाही. सगळीकडे फिरू शकणारा जो मुख्य वापरकर्ता असतो त्याला 'रूट' म्हणतात. कंपनी हा जुडगा आपल्या हातात देत नाही. तो मिळवणं म्हणजे रूट करणं.

त्यासाठी बहुतेक वेळा आधी 'बूटलोडर' उघडावा लागतो. यंत्र सुरू होताना कोणतं सॉफ्टवेअर चालू द्यायचं हे ठरवणारा तो द्वारपाल. तो उघडताना सहसा फोनमधलं सगळं पुसलं जातं. फोटो, नंबर, अभ्यासाचे व्हिडिओ, सगळं. नंतर काही फायदे मिळतात हेही खरं. नको असलेली कंपनीची ॲप्स काढता येतात, प्रोसेसरचा वेग बदलता येतो, जुन्या यंत्रात नवं अँड्रॉइड टाकता येतं. पण जुने गेम खेळायला मुलं जी इम्युलेटर ॲप्स वापरतात, त्यातल्या बहुतेकांना रूटची गरजच नसते. रेट्रोआर्क किंवा पीपीएसएसपीपी साध्या फोनवर चालतात. उलट काही गेम रूट केलेल्या फोनवर चालायलाच नकार देतात. पोकेमॉन गो या गेमने २०१६ मध्येच असे फोन बंद केले होते. म्हणजे गेमसाठी रूट केलं आणि गेमच गेला! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

दोन यंत्रं, दोन अटी

आता वॉरंटीकडे येऊ. दोन खरी उदाहरणं देते.

पहिलं 'ऊया' नावाचं. टीव्हीला जोडायचं, अँड्रॉइडवर चालणारं ९९ डॉलरचं हे छोटं गेमिंग यंत्र अमेरिकेत तयार झालं. २०१२ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीतून त्यासाठी सुमारे ८५ लाख डॉलर जमले. वर्गणी देणारे ६३ हजारांहून जास्त होते. कंपनीने तेव्हाच जाहीर केलं होतं की हे यंत्र रूट करायला सोपं आहे आणि रूट केल्याने वॉरंटी जाणार नाही.

दुसरं असूसचा आरओजी फोन. २०१८ मध्ये आलेला, खास गेमिंगसाठी बनवलेला आणि भारतातही विकला गेलेला. याचा बूटलोडर उघडण्यासाठी कंपनीनेच एक अधिकृत ॲप दिलं होतं. पण त्यासोबतच्या अटींमध्ये बजावलं होतं की हे ॲप वापरलंत तर वॉरंटी राहणार नाही आणि कंपनीचे नेहमीचे अपडेटही मिळणार नाहीत. पुढे कंपनीने ती सोयही बंद केली.

दोन्ही अँड्रॉइड, दोन्ही गेमसाठी. एका कंपनीने रूट करायला मोकळीक दिली, दुसरीने कुलूप उघडायची सोय दिली पण वॉरंटी काढून घेतली. म्हणून "रूट केलं की वॉरंटी जाते का?" या प्रश्नाच्या आधी "कोणत्या वस्तूची?" हा प्रश्न विचारायला हवा. ऐकावे जनाचे, पण वाचावे कागदाचे!

"परत पहिल्यासारखं करता येतं ना?"

हा मुलांचा आणि दुकानदारांचाही आवडता मुद्दा. बिघाड झाला तर मूळ सॉफ्टवेअर पुन्हा टाकायचं आणि सर्व्हिस सेंटरला काहीच न सांगता फोन द्यायचा. याला माझा दोन कारणांनी विरोध आहे.

एक, ते नेहमी लपत नाही. सॅमसंगच्या नॉक्स असलेल्या फोनमध्ये एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज असतो. अनधिकृत सॉफ्टवेअर टाकलं की तो कायमचा उडतो. ० चा १ होतो आणि १ चा पुन्हा ० होत नाही. नंतर मूळ सॉफ्टवेअर टाकलं तरी सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी त्या फोनवर परत चालत नाहीत. शिष्यवृत्ती परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांचं पाकीट एकदा फोडलं की पुन्हा सीलबंद होत नाही, तसंच हे.

दुसरं कारण माझ्यासाठी जास्त मोठं आहे. दहा वर्षांच्या मुलासमोर आपण काऊंटरवर खोटं बोललो, तर त्याने काय शिकायचं? मग उद्या गृहपाठाची वही "घरी राहिली" म्हणाला तर त्याला रागावायचा आपल्याला काय अधिकार?

पण सगळा दोष ग्राहकाचाच का?

इथे मी कंपन्यांच्या बाजूने नाही. समजा यंत्र रूट केलेलं आहे आणि त्याचं बटण तुटलं, किंवा चार्जिंगची पिन सैल झाली. सॉफ्टवेअरचा आणि बटणाचा संबंध काय? प्रोसेसरचा वेग वाढवून यंत्र तापलं आणि जळलं, तर चूक वापरणाऱ्याची. पण ज्या बिघाडाचं कारण रूट नाही, त्यालाही "तुम्ही रूट केलंय, वॉरंटी संपली" म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. विज्ञानात आपण कार्यकारणभाव शिकवतो. तोच नियम इथे का नको?

अमेरिकेत वॉरंटीविषयी १९७५ पासून एक कायदा आहे, मॅग्नसन-मॉस वॉरंटी ॲक्ट. त्याच्या आधारे २०१८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने सहा कंपन्यांना इशारा दिला. "हे स्टिकर काढलं तर वॉरंटी रद्द" अशा प्रकारच्या अटींबद्दल तो होता, आणि त्यात सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो या गेमिंगमधल्या मोठ्या कंपन्याही होत्या.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे, तो जुलै २०२० पासून लागू झाला. रूटिंगचं नाव घेऊन सांगणारं कलम त्यात नाही. वस्तूमुळे इजा झाली तर भरपाई मागता येते, पण इजा झाली त्या वेळी वस्तूत फेरफार केलेला असेल तर विक्रेत्यावर तो दावा चालत नाही, असं कलम ८७ सांगतं. हे इजेबद्दल आहे, दुरुस्तीबद्दल नाही. पण फेरफाराची जबाबदारी करणाऱ्यावर येऊ शकते, एवढं त्यातून कळतं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. वॉरंटी नाहक नाकारली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. तिथे खरं सांगून भांडावं. "हो, रूट केलंय, पण बटण त्यामुळे तुटलं हे दाखवा." हे वाक्य खोटं बोलण्यापेक्षा कितीतरी ताठ मानेचं आहे.

मग घरी काय ठरवायचं?

माझं मत असं.

पहिलं, ज्या फोनवर घरचे पैशाचे व्यवहार चालतात तो फोन रूट करायचा नाही, वॉरंटी असो वा नसो. रूट मिळालेलं एखादं लबाड ॲप दुसऱ्याच्या कपाटात हात घालू शकतं. अनेक बँकांची ॲप्सही अशा फोनवर चालत नाहीत. आपल्या कितीतरी घरांत एकच चांगला फोन असतो. सकाळी तो बाबांच्या कामाचा, दुपारी आईच्या बचत गटाचा, संध्याकाळी मुलांच्या गेमचा. तो हप्त्यांवर घेतलेला असतो आणि वॉरंटी संपायच्या आत बिघडला तर दुरुस्तीचे तीन-चार हजार कुठून आणायचे हा खरा प्रश्न असतो.

दुसरं, वॉरंटी चालू असेल तर अटी वाचल्याशिवाय हात लावायचा नाही. अट 'जाते' म्हणत असेल तर थांबायचं.

तिसरं, कपाटात पडलेला, वॉरंटी संपलेला, ज्यात खाती नाहीत असा जुना फोन किंवा टॅब असेल आणि मूल मोठं असेल, तर शेजारी बसा आणि करू द्या. हो, करू द्या! बंद पडला तरी नुकसान थोडं, शिकणं मात्र खूप. ऊयाचंच बघा. ती कंपनी टिकली नाही, २०१९ मध्ये तिचे सर्व्हर बंद झाले. तरी हौशी मंडळींनी पर्यायी सर्व्हर उभारून, यंत्रात बदल करून ती यंत्रं जिवंत ठेवली. वस्तू उघडून बघायची ही हौस मारून टाकायची नाही, तिला योग्य जागा द्यायची.

आणि वर्गात?

शिक्षक मित्रहो, पुढच्या आठवड्यात मराठीच्या एका तासाला मुलांना घरून कोणत्याही वस्तूचं वॉरंटी कार्ड आणायला सांगा. फोनचंच हवं असं नाही, मिक्सरचं, पंख्याचं, घड्याळाचं चालेल. पाच शब्द फळ्यावर लिहा: मुदत, अट, अपवाद, फेरफार, अधिकृत. प्रत्येक गटाने आपल्या कार्डात या शब्दांच्या जागा शोधायच्या. खरेदीची तारीख बघून वॉरंटीचे किती दिवस उरले ते काढायचं, म्हणजे गणितही झालं. शेवटी एक अट स्वतःच्या सोप्या मराठीत लिहायची.

बरीच कार्डं इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात असतील. तेही मुलांच्या लक्षात येऊ द्या. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या अटी मराठीत का नाहीत, असं कंपनीला विचारणारं पत्र हा पुढच्या तासाचा पत्रलेखनाचा विषय करा. पत्ता कार्डावर छापलेलाच असतो. चांगली पत्रं खरोखर पोस्टात टाका.